वडनेरेसाहेबांची ट्रायल

कुवेतमधल्या मराठी मंडळींचा संक्रांतीचा कार्यक्रम जाब्रियातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होणार होता. आदल्या दिवशी खुर्च्या मांडायला म्हणून मी तिथं गेलो. मी कुवेतला नवा होतो, आणि नव्या माणसाला कुठल्याही मंडळात खुर्च्यांचंच काम मिळतं. हॉल रिकामा असेल असं वाटलं होतं. पण अर्ध्याअधिक मांडलेल्या खुर्च्यांत, चौथ्या रांगेच्या बरोबर मधोमध, एक गृहस्थ सूट-टाय घालून बसले होते. समोर मोकळं स्टेज. त्या मोकळ्या स्टेजकडे ते अगदी मन लावून बघत होते. थोड्या वेळानं उठले, अंग चोरून, नसलेल्या माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर गेले, परत आले, आणि या वेळी रांगेच्या कडेच्या खुर्चीवर बसले.

मी जवळ जाऊन म्हणालो, "काका, कार्यक्रम उद्या आहे."

"माहितीये. उद्याची ट्रायल घेतोय." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मधली खुर्ची रिजेक्ट. उठायचं म्हटलं तर अख्खी रांग उठवावी लागते. तू एक कर. उद्या या दोन खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेव."

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. हॉलच्या दारातच त्यांनी बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. तिनं मान डोलावली आणि ती रुमालाच्या खुर्चीवर येऊन बसली.

अशी माझी आणि मधुकर वडनेरे यांची ओळख झाली.

वडनेरेसाहेब मूळचे नाशिककडचे. पेशानं कमिशनिंग इंजिनिअर. म्हणजे काय, तर एखादा प्लँट उभारून झाला, पाइप जोडले, तारा ओढल्या, रंग मारून झाला, की तो पहिल्यांदा चालू करून दाखवणारा माणूस. बाकी सगळ्यांच्या चुका याच्या तोंडावर फुटायच्या असतात. त्यामुळे या लोकांचा कशावरही एकदम विश्वास बसत नाही. नवी मोटर आली तरी ते ती लगेच पंपाला जोडत नाहीत. आधी एकटीच फिरवून बघतात. बेअरिंग तापतंय का, आवाज कसा येतोय. मग पंप जोडतात, मग पाणी सोडून बघतात, आणि सगळं जमलं तर शेवटी तेल. "ट्रायल नाही तर स्टार्ट नाही," हे साहेबांचं ब्रीदवाक्य होतं. प्लँटवर त्यात नवल काही नव्हतं. साहेबांनी ते घरीही आणलं होतं.

मी त्यांच्याच खात्यात लागलो आणि मंगफ उपनगरातल्या त्यांच्याच इमारतीत, एक मजला खाली, राहायला आलो. मी काळे, परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरचा. वडील एसटी स्टँडसमोर सायकली दुरुस्त करायचे. घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला, आणि विमानाचं तर आमच्या आख्ख्या आळीत. कुवेतमध्ये कुणाला काय विचारावं हेही मला कळत नव्हतं. वडनेरेसाहेबांनी मी न विचारताच माझ्या आयुष्याच्या ट्रायली घ्यायला सुरुवात केली. इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या ऑफिसात, ते मला आदल्या दिवशी घेऊन गेले आणि कुठल्या खिडकीसमोर उभं राहायचं, कुठल्या खिडकीतला माणूस ओरडतो, पण काम करतो, हे दाखवून आणलं. त्या उपकारांची फेड माझ्याकडून कधी झाली नाही.

पुढं माझं लग्न झालं आणि बायकोला आणायची वेळ आली, तेव्हा साहेब म्हणाले, "विमानतळावरून घरापर्यंतची ट्रायल घ्यावी लागेल." तांदळाच्या गोण्या भरून दोन सुटकेसा डिकीत ठेवल्या. गाडी मी चालवायची होती. साहेब मागं बसले. नवरीच्या जागी.

"जास्त बोलू नकोस," मागून सूचना आली. "नवी मुलगी आहे. तिला बाहेर बघू दे." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "इथं उन्हाची तिरीप डोळ्यावर येते. डाव्या बाजूला बसव तिला. तशीही ती रडणारच, पण निदान उन्हानं नको."

माझी बायको डाव्या बाजूला बसली आणि रडली. पण उन्हानं नाही.

एकदा साहेबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, तर ते आदल्या दिवशी हॉस्पिटलात जाऊन पलंगावर पडून आले. नर्सनं विचारलं, "पेशंट कहाँ है?" साहेब म्हणाले, "कल आयेगा." मंडळातले लोक त्यांना पाठीमागं ट्रायलसाहेब म्हणत. कुणी म्हणे, हा माणूस स्वर्गातसुद्धा आदल्या दिवशी जाऊन बघून येईल. साहेबांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "तशी सोय असती तर बरंच झालं असतं."

पण साहेबांच्या बहुतेक ट्रायली स्वतःसाठी नसत. त्या असत शैलावहिनींसाठी.

घरात दोघंच. वहिनी गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या. त्यांच्या हातच्या मुगाच्या खिचडीवर मी कुवेतमधलं पहिलं वर्ष काढलं. घरी कुणीही या, वहिनी मोकळेपणानं बोलणार. पण ज्या जागेची ट्रायल झालेली नाही तिथं त्या जात नसत. इमारतीसमोरचं जमियाचं, म्हणजे सहकारी सोसायटीचं दुकान, समुद्राकाठचा एक ठरलेला बाक, जाब्रियातला तो हॉल, एवढंच त्यांचं कुवेत. नवीन कुठं जायचं निघालं की त्यांचा प्रश्न एकच असे.

"सोय आहे का तिथं?"

"आहे. आत गेल्यावर डावीकडे, दुसरं दार. स्वच्छ आहे. आतून कडी लागते."

"मग येते."

हे सगळ्यांसमोर चाले. नवे लोक गालातल्या गालात हसत. वहिनीही हसत, पण प्रश्न विचारायच्या थांबत नसत. आणि साहेबांच्या मनात एकच मोठी गोष्ट होती. हिला एकदा युरोप दाखवायचं. "बाकी काही नको काळे," ते मला म्हणत, "एकदा हिला ब्रसेल्सच्या त्या मोठ्या चौकातून हात धरून फिरवायचंय." वहिनी म्हणत, "कशाला हो? इथं काय वाईट आहे?" मग साहेब विषय बदलत. मला कळत नसे. ज्या बाईला जमियाच्या पलीकडं जायचं तर आधी कडी तपासावी लागते, तिला हा माणूस युरोपात कसा नेणार?

नव्वदचं दशक संपत आलं असताना कंपनीनं आम्हा दोघांनाच हॉलंडला पाठवलं; माझी बायको तेवढे दिवस माहेरी गेली. जर्मनीच्या सीमेजवळच्या एका लहान गावात आमच्या प्लँटचे पंप तयार होत होते. ते नीट होतायत का ते बघायचं. काही महिन्यांचं काम होतं. साहेब विमानात बसल्याबरोबर म्हणाले, "आता युरोपची ट्रायल."

त्या गावातले दिवस मला फार आवडले. सकाळी पावाच्या भट्टीचा वास गल्लीभर असे. दुकानं संध्याकाळी सहाला बंद, आणि रविवारी तर गाव असं शांत की आपल्याच बुटांचा आवाज ऐकून लाजल्यासारखं व्हावं. आणि सायकली! लहान मुलं, म्हाताऱ्या, टाय लावलेले साहेब, सगळे सायकलवर. मी वडिलांना कळवलं, की बाबा, इथं बँकेचा मॅनेजरसुद्धा सायकलवर येतो. त्यांनी उलट विचारलं, पंक्चर कोण काढतं? आमच्या घरमालकिणीच्या सायकलचं पंक्चर मीच काढून दिलं. त्या दिवसापासून ती मला 'इंजिनिअर' म्हणायला लागली. त्याआधी तिला ते पटलेलं नव्हतं.

एक घोटाळा मात्र रोजचा होता. कुवेतला तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी, हॉलंडला शनिवार-रविवार. त्यामुळे शुक्रवारी आम्हाला काही विचारायचं असे तेव्हा कुवेत झोपलेलं, आणि शनिवारी आम्ही गाडीत बसलो की कुवेतहून मॅनेजरचा फोन घरमालकिणीकडे. तिनं एकच इंग्रजी वाक्य पाठ केलं होतं, "दे आर इन चर्च." आम्हाला ती कशासाठी चर्चमध्ये पाठवत होती कोण जाणे, पण मॅनेजर पुढं कधी रागावला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही आगगाडीनं निघायचो. आज कोलोन, पुढच्या वेळी ॲम्स्टरडॅम, मग अँटवर्प. मला सगळं बघायचं असे. चर्च, पूल, चित्रं, नदीतल्या बोटी. जिंतूरच्या शाळेत भूगोलाच्या पुस्तकात ही नावं मी बोटानं वाचलेली. साहेबांना मात्र दोनच गोष्टी बघायच्या असत, बसायला बाक आणि बायकांची स्वच्छतागृहं.

तेव्हा युरो नव्हता. हॉलंडला गिल्डर, जर्मनीत मार्क, बेल्जियमला फ्रँक. आणि तिकडं बहुतेक स्वच्छतागृहांच्या दारात एक आजीबाई बशी घेऊन बसलेली असते. बशीत नाणं टाकायचं. साहेबांनी कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्या जमवल्या होत्या. प्रत्येक देशाची एक डबी, वर चिकटपट्टीवर नाव. चालताना त्यांच्या कोटाच्या खिशात जर्मनी आणि बेल्जियम खुळखुळत असत.

बायकांच्या बाजूला साहेबांना जाता येत नसे, म्हणून ते त्या आजीबाईंची मुलाखत घेत. "मॅडम, माय वाइफ कमिंग. इनसाइड लॉक ओके?" आजीबाईला इंग्रजी येत नसे. मग साहेब हातानं कडी लावून दाखवत, ओढून बघत, आणि भुवया उंचावत. कोलोनच्या स्टेशनवरच्या आजीला ते इतकं आवडलं, की दुसऱ्या खेपेला तिनं आम्हाला लांबूनच बघितलं आणि हवेत कडी लावून दाखवली. अँटवर्पला मात्र पंचाईत झाली. साहेब बायकांच्या दाराचा फोटो काढायला लागले. एक बाई किंचाळली. रखवालदार धावत आला.

"व्हॉट आर यू डुइंग?"

"ट्रायल," साहेब म्हणाले.

मी मध्ये पडलो. आम्ही इंजिनिअर आहोत, पंप तपासायला आलोय, असं सांगितलं. रखवालदारानं आमच्या कंपनीचं कार्ड बघितलं, मग दाराकडं बघितलं, आणि फारच आदरानं विचारलं, "इज देअर अ प्रॉब्लेम विथ द वॉटर?" साहेब म्हणाले, "नो. व्हेरी गुड प्रेशर." आणि आम्ही सन्मानानं बाहेर आलो.

मी बरेच शनिवार हे हसून सोसलं. पण माणूस म्हणून माझीही काही हौस होती. शेवटी ब्रसेल्सला माझा बांध फुटला. ब्रसेल्स साहेब पुढं ढकलत होते. आज पाऊस आहे, आज पाय दुखतोय. एकदाचे गेलो. तिथला तो मोठा चौक म्हणजे चारी बाजूंनी दगडात कशिदा काढावा तसा. मी आ वासून उभा राहिलो. साहेबांनी एक पायरी शोधली आणि चौकाकडं पाठ करून बसले.

"साहेब," मी म्हणालो, "इथं यायला लोक आयुष्यभर पैसे साठवतात. निदान एकदा मान तर वळवा! कडी-कोयंडे बघायला नाशिक काय वाईट होतं?"

ते रागावले नाहीत. जरा सरकून त्यांनी मला शेजारी बसायला जागा केली.

"मी बघितलाय हा चौक," ते म्हणाले. "नव्वद साली. ट्रेनिंगला आलो होतो. ऑगस्टात कारखान्याला सुट्टी होती म्हणून इथं हिंडायला आलो. कॅमेरा नवा होता. मान वर करून करून फोटो काढत होतो. परत स्टेशनकडं जाताना एका दुकानाच्या काचेत टीव्ही लागलेला. त्यात दस्मानचा समुद्राकाठचा रस्ता दिसला. मला वाटलं, अरे, हे तर आपलं कुवेत! मी कौतुकानं थांबलो, काळे. एका गोऱ्याला सांगणारसुद्धा होतो, की मी इथंच राहतो म्हणून. मग त्या रस्त्यावर इराकचा रणगाडा दिसला."

चौकात कुणीतरी ॲकॉर्डियन वाजवत बसलं होतं. साहेब सांगत होते.

"शैला फ्लॅटमध्ये एकटी. फोन बंद. मी मुंबईला गेलो, कारण कुवेतला जायला रस्ताच नव्हता. रोज विमानतळावर जाऊन उभा राहायचो. आज येईल, उद्या येईल. ती शेजाऱ्यांबरोबर बसनं निघाली होती. बसरा, बगदाद, तिथून अम्मान. नुसतं वाळवंट. बस थांबली की पुरुष उतरून मोकळे. बायकांनी कुठं जायचं? झाड नाही, भिंत नाही. दोघी-तिघी साड्या आडव्या धरून उभ्या राहायच्या. ते हिला जमेना. मग हिनं पाणीच प्यायचं सोडलं. ऑगस्टात, वाळवंटात. मुंबईला उतरली तेव्हा तिला उचलून हॉस्पिटलात न्यावं लागलं." त्यांनी खिशातली डबी चाचपली. "तिनं मला हे एकदाच सांगितलं. मी हिशेब लावला, की ती फ्लॅटच्या खिडकीतून ते रणगाडे बघत होती तेव्हा मी हा मनोऱ्यावरचा सोनेरी पुतळा किती छान आहे ते बघत होतो."

"तुम्हाला काय माहीत होतं साहेब?"

"तेच तर. माहीत नव्हतं. आता ती जिथं पाय ठेवेल तिथलं मला आधी माहीत पाहिजे."

मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, त्या कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातली बघितली का?"

"नाही."

"द्या बेल्जियमची डबी. मी बघून येतो."

त्यानंतर मी ते काम त्यांच्या बरोबरीनं केलं. हवेत कडी लावून दाखवायला मीही शिकलो.

काम संपायच्या आधी साइटवर गरज पडली म्हणून मला एकट्यालाच कुवेतला परत बोलावलं. निघताना साहेबांनी वहिनींसाठी चीज आणि चॉकलेटं दिली आणि सांगितलं, "शैलाला सांग, निम्म्या युरोपची ट्रायल झाली. ती घरीच असेल, केव्हाही जा."

गुरुवारी, सुट्टी असूनही साइटवर निघालेलं अर्ध्या दिवसाचं काम आटोपून मी वर गेलो, तर दाराला कुलूप. मी बेल वाजवली, पुन्हा वाजवली. जमियात बघून आलो. समुद्राकाठच्या बाकापर्यंत जाऊन आलो. नाहीत. साहेब तिकडं आणि वहिनी बेपत्ता! खाली इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, खुर्ची टाकून बसला होता. मोडक्या हिंदीत तो म्हणाला, "मदाम? मदाम बस में." आणि मलाच वेड्यात काढल्यासारखं बघत पुढं म्हणाला, "मदाम रोज बस में."

मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं शहराकडून येणारी बस थांबली आणि तिच्यातून वहिनी उतरल्या. डोळ्यांवर काळा चष्मा. एका हातात मासळीची पिशवी. दुसऱ्या हातानं ड्रायव्हरला "शुक्रन", म्हणजे थँक्यू, करत होत्या.

"अगंबाई! काळेभाऊजी! केव्हा आलात?"

"वहिनी, तुम्ही... बसनं?"

"मग काय उंटावरनं येऊ? चला वर, पापलेट ताजं मिळालंय."

वर गेल्यावर त्यांनी आधी मला पाणी दिलं, स्वतः मोठा पेला भरून प्यायल्या आणि मग समोर बसल्या. कुवेत शहरातला मासळीबाजार, जाब्रियातल्या हॉस्पिटलात नोकरी करणारी त्यांची एक मैत्रीण, अहमदीतल्या बागा, सगळीकडं त्या हिंडत होत्या. साहेब साइटवर गेले की बाहेर, ते यायच्या आत घरी. हे हॉलंडच्याही आधीपासून चाललं होतं.

"आणि सोय?" मी विचारलं. विचारताना माझा मलाच संकोच वाटला.

"बाईनं बाईला विचारायचं. कुणाच्या दुकानात, कुणाच्या घरात, होते सोय. एकदा तर एका कुवेती आजीनं जेवू घालूनच पाठवलं."

"मग साहेबांना सांगत का नाही? ते तिकडं एकेक कडी ओढून बघतायत."

वहिनी हसल्या.

"एकदा सांगून बघितलं. म्हटलं, अहो, आता मला काही वाटत नाही. तर चेहरा असा पडला, जसं काही मी त्यांना घराबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट ट्रायल! तेव्हापासून मी आपली विचारते, सोय आहे का म्हणून. त्यांच्याकडं उत्तर असतं. तेवढंच त्यांना बरं वाटतं." पिशवीतल्या मासळीकडं बघत त्या म्हणाल्या, "तो प्रवास मी केला, भाऊजी. केला म्हणून संपला. त्यांनी केलाच नाही, त्यांचा कसा संपणार?"

मी शब्द दिला, की सांगणार नाही. पण उठताना विचारलं, "युरोपला जाल?"

"जाईन की. मला चर्चबिर्च काही बघायचं नाही. पण त्यांना त्या चौकातून एकदा बाहेर काढायला हवं. आणि हेही तिथंच सांगीन. इथं नाही जमत."

साहेब परत आले आणि पुढं दोन वर्षं नुसती गेली. कधी प्लँटचं शटडाउन, कधी रजा नामंजूर. एवढ्यात तिकडं युरो आला. साहेबांच्या डब्या एका दिवसात निकामी झाल्या. गिल्डर, मार्क, फ्रँक टेबलावर ओतून ते खिन्न बसले होते.

"पुन्हा जाऊन यावं लागेल," ते मला म्हणाले. "आता नाणी बदलली, म्हणजे मशिनं बदलली असणार. कोलोनची ती आजीसुद्धा असेल-नसेल. जुनी ट्रायल चालत नाही, काळे."

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "एकट्यानं नाही जायचं. या खेपेला मी बरोबर येणार. एकदम स्टार्ट."

"अगं, पण ट्रायल..."

"मीच ट्रायल," वहिनी म्हणाल्या. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

ते गेले. साहेबांनी जाण्याआधी मोबाइल घेतला होता, अडीअडचणीला म्हणून. एका दुपारी माझा फोन वाजला. मी घरीच होतो.

"काळे, बोलत राहा."

"काय झालं साहेब?"

"शैला गेली."

मी उठून उभा राहिलो. "कुठं गेली?"

"गल्लीत! ब्रसेल्सला आहोत. त्या चौकात. मला इथं पायरीवर बसवलं. म्हणाली, तुम्ही बसा, मी त्या गल्लीत काय आहे ते बघून येते. अरे, मी म्हटलं, त्या गल्लीची ट्रायल नाही झालेली. तर म्हणाली, माहितीये. मी कुवेतमध्ये रोज बिनट्रायलच्या बसनं हिंडते, तुम्हाला सांगायचं राहिलं. आणि गेली! तुला माहीत होतं?"

मी म्हणालो, "होय साहेब."

"मग मागं जाऊ का तिच्या?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. "येऊ नका म्हणालीय. मी परत येऊन सांगते, म्हणाली."

"मग बसा. येतील त्या."

"बोलत राहा तू. काहीही बोल."

मी विचारलं, "साहेब, समोर काय दिसतंय?"

"समोर?" ते म्हणाले. "लोक आहेत. कबुतरं. एक इमारत आहे, तिला मनोरा आहे. उंच आहे रे. पण मधोमध नाही काळे, एका बाजूला सरकलाय. डावीकडचा भाग लांब, उजवीकडचा आखूड. अलाइनमेंट चुकलीये यांची."

"रिजेक्ट?"

"थांब." ते बघत असावेत. "नाही. नाही रे. बरा दिसतोय. आणि किती कोरीव काम केलंय, खिडकी-खिडकीवर. एवढं वर कोण बघणार म्हणून सोडून नाही दिलेलं. वरपर्यंत केलंय. आणि त्याच्यावर तो..."

"साहेब? वडनेरेसाहेब?"

"आली," ते म्हणाले.

मग लांबून वहिनींचा आवाज जवळ येत गेला. "अहो, आधी हे धरा, वितळतंय. व्हॅनिला तुमचं. फोनवर कोण? भाऊजी? त्यांना नंतर करा, माझ्या हातावर ओघळ आलाय."

"काय होतं गल्लीत?" साहेबांनी विचारलं. मला नव्हे, त्यांना.

"सांगते. चला तर खरं."

फोन तसाच चालू राहिला होता. मी माझ्याकडून बंद केला.